नाकाचे कार्य आणि मुलांचे आरोग्य



नाक हे केवळ चेहऱ्याचे भूषण नव्हे. आत येणारी हवा ते गाळते, उबदार व ओलसर करून घशाकडे धाडते. तोंडाने घेतलेल्या श्वासास हा संस्कार पुरेसा लाभत नाही. नाकाच्या मागे, टाळूच्या वर ‘अ‍ॅडेनॉइड’ नामक ग्रंथी असते. बालपणी ती फार वाढली की श्वासमार्ग अडतो, कानाकडे जाणारी नळी तुंबते व मुलास कमी ऐकू येऊ लागते. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी १८६८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले.

म्हणून तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या, हाकेस ओ न देणाऱ्या मुलास ‘मठ्ठ’ ठरविण्यापूर्वी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.