गडगडाट ऐकला, की घरात



मृगाच्या तोंडावर शेतात कामाची घाई असते.
दुपार कलते. पश्चिमेला ढग दाटतात.
वाटतं, एवढी तास संपवू आणि मग निघू.
श्रोतेहो, तो मोह टाळा.

गडगडाट ऐकू आला, याचा अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते.
पाऊस सुरू झालेला नसला, तरीही.

पुण्यात भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे.
विजा टिपण्यासाठी या संस्थेने देशभर संवेदक बसवले आहेत.
वीज चमकली, की तिच्यातून रेडिओ लहरी निघतात.
वादळात आपल्या रेडिओवर खरखर येते ना?
ती याच लहरींची.

या लहरी प्रत्येक संवेदकापर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतात.
त्या फरकावरून वीज कुठे झाली, ते कळतं.

ही माहिती ‘दामिनी’ या मोबाईल अ‍ॅपवर मिळते.
आपल्या आसपास विजा होत असतील, तर अ‍ॅप सावध करतं.

पण प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन नसतो.
गुराख्याकडे नसतो, निंदणाऱ्या बायकांकडे अनेकदा नसतो.
इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचला, तरच या विज्ञानाचा उपयोग.
म्हणून ज्याला सूचना मिळाली, त्याने शेजारच्या शिवारात हाक द्यावी.

झाडाखाली आसरा घेऊ नका.
विहिरीपासून, तळ्यापासून, तारांच्या कुंपणापासून दूर व्हा.
पक्क्या घरात जा.

पुन्हा सांगते,
गडगडाट ऐकला, की घरात.
आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.