शाकारणीची घाई

रोहिणी नक्षत्र लागलें कीं देवरीच्या परिसरांतील कौलारू घरांवर माणसें चढूं लागतात. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा मुलूख भाताचा, म्हणजेच पावसाचा. मृगापूर्वीं कवेलू फेरून घेतले नाहींत तर चार महिने घरांत पाणी. त्यामुळें शाकारणीची घाई उडते, आणि अपघाताचें मूळ पुष्कळदां ह्या घाईंतच असतें.

5 मीटरांवरून, म्हणजे सुमारें 16 फुटांवरून, निसटलेला माणूस एका सेकंदांत भुईवर येतो; त्या क्षणीं त्याचा वेग ताशीं 35 किलोमीटरांवर गेलेला असतो. एवढ्या अवधींत सांवरणार तें काय? ‘जपून चढ’ हा उपदेश म्हणूनच अपुरा. जपणाऱ्याचाही पाय निसटतो, आणि बंदोबस्त करावयाचा तो त्या निसटलेल्या पायासाठीं.

शिडी 12 फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून 3 फूट दूर असावेत. त्याहून उभी शिडी मागें उलथते, फार तिरपी खालून सरकते. तिचें वरचें टोक वळचणीच्या 3 फूट वर काढून घट्ट बांधावें. छपरावर पाय कवेलूंवर न देतां आडव्या पट्ट्या ठोकलेल्या फळीवर द्यावा, व ती फळी आढ्याला बांधलेली असावी. सिमेंटचा पत्रा तर अधिकच फसवा: दिसतो दगडासारखा, पण जुना झाला म्हणजे माणसाच्या भारानें एकाएकीं फुटतो.

नुसता कमरेला बांधलेला दोर पडणाऱ्यास थांबवितो खरा, पण तो हिसका पोटाला व मणक्याला बसतो. खांदे व मांड्या यांना धरणारा पट्टा तोच भार सर्वांगावर वांटतो.

1996 सालीं झालेला बांधकाम मजुरांचा कायदा 10 वा अधिक मजुरांच्या कामांपुरता होता. स्वतःच्या राहत्या घराचें 10 लाखांपर्यंतचें कामही त्यानें वगळलें होतें. देवरीच्या छपरावर असतात दोघेतिघे. तेव्हां शिडी, फळी आणि पट्टा कोणी आणावयाचा, हें घरधन्यानें मजुरी ठरवितांनाच ठरविलें पाहिजे. सरीनें कवेलू ओले झाले असतील तर त्या दिवशीं काम थांबवावें, आणि मजुरी मात्र कापूं नये. नाहींतर थांबतो कोण!

एवढें करूनही कोणी पडलाच तर त्याला उठवून बसवूं नये, पाणी पाजूं नये. मान व पाठ हलूं न देतां 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत एकानें त्याचें डोकें दोन्ही हातांनीं स्थिर धरून ठेवावें.