श्वानांच्या गुदग्रंथींचे विकार

(पशुपालनविषयक मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



गुरे, शेळ्यामेंढ्या आणि कोंबड्या यांच्या रोगांविषयी गावोगावी पुष्कळ बोलले जाते. रात्रभर वस्तीची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या दुखण्याची मात्र क्वचितच विचारपूस होते. त्यातून ते दुखणे शेपटीखालचे असेल, तर संकोचाची भर पडते.

कुत्रा बूड जमिनीवर घासत सरकू लागला, की ‘याला जंत झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. जंत हे एक कारण आहेच; पट्टकृमीचे तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे शेपटीखालच्या केसांत दिसतात. परंतु पुष्कळदा खरे कारण गुदग्रंथी तुंबणे हे असते.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस, घड्याळातील ४ व ८ या आकड्यांच्या जागी, दोन लहान पिशव्या असतात. त्यांत उग्र वासाचा स्राव साठतो आणि घट्ट शौचाच्या दाबाने तो थोडाथोडा बाहेर पडतो. शौच वारंवार पातळ होत असेल, कुत्रा लठ्ठ असेल किंवा त्याला त्वचेची ॲलर्जी असेल, तर हा निचरा नीट होत नाही. स्राव घट्ट होतो, पुढे जंतुसंसर्ग होऊन पू धरतो आणि अखेर गळू फुटते. शेपटीखाली सतत चाटणे, सडक्या मासळीसारखी दुर्गंधी, शौचाच्या वेळी विव्हळणे, गुदद्वाराशेजारी सूज ही त्याची लक्षणे होत.

अशा वेळी शेपटीला हात लागताच गरीब स्वभावाचा कुत्राही चावा घेऊ शकतो. मग तो ‘पिसाळला’ अशी आवई उठते आणि लोक काठ्या घेऊन धावतात. वेदनेने चावणे आणि पिसाळणे यांतील भेद पशुवैद्यकानेच ठरवावा. मात्र चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. त्यात हयगय नको.

उपचार सहसा अवघड नसतो. पशुवैद्यक ग्रंथी दाबून रिकाम्या करतात, गरज पडल्यास धुतात व औषध देतात. दुखणे वारंवार उलटल्यास शस्त्रक्रियेने ग्रंथी काढता येतात. वयस्क कुत्र्यात तेथे टणक गाठ लागली, तर ती कर्करोगाची असू शकते. तेव्हा विलंब करू नये. जखमेवर रॉकेल वा जळके तेल ओतणे, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या चारणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. निरोगी ग्रंथी उगाच दाबत बसण्याचीही गरज नाही. बेताचा आहार, त्यात थोडा उकडलेला भोपळा आणि रोजचे हिंडणेफिरणे यांनी शौच घट्ट राहते व वजन आटोक्यात राहते.

शिक्षकांनी ही लक्षणे मुलांना सांगावीत. पंचायत सदस्यांनी पशुवैद्यकीय शिबिराची दवंडी देताना गुरांबरोबर कुत्र्यांचाही उल्लेख करावा. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. ते ओळखणे हे त्याच्या राखणीवर निर्धास्त झोपणाऱ्यांचे कर्तव्य आहे.