शॅमेलिऑन काळवंडतो तेव्हा



शॅमेलिऑन माणसाळतो का, हा प्रश्न तो पाळणारा प्रत्येकजण कधी ना कधी विचारतोच. अमेरिकेत आणि युरोपात हा छंद चांगला रुजला आहे. तिथल्या घरांत बहुधा दोन जाती दिसतात : डोक्यावर उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा ‘व्हेल्ड’ आणि मादागास्करचा रंगीबेरंगी ‘पँथर’. पाळणारे कौतुकानं सांगतात, ‘आमचा फार गरीब आहे हो, हातावर घेतला की हलतसुद्धा नाही.’ माझा त्यांना एकच प्रश्न असतो : हातावर असताना त्याचा रंग कसा असतो?

भोवतालच्या पानाफांद्यांत मिसळून जाण्यासाठी हा प्राणी रंग बदलतो, अशी आपली समजूत असते. त्यापेक्षा त्याची मनःस्थितीच रंगातून अधिक उमटते. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर नराच्या बाबतीत ही किमया उलगडून दाखवली. त्याच्या त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक ठरावीक अंतरावर रचलेले असतात. नर निवांत असला की ते दाटीनं असतात आणि निळा-हिरवा प्रकाश परावर्तित होतो. दुसरा नर पाहून तो चवताळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याच्या जागी पिवळा, नारिंगी रंग चढतो.

अमेरिकेत व्हेल्ड नरांच्या झुंजींचा अभ्यास झाला, त्यात तर आपल्या अगदी कामाची गोष्ट दिसली. भिडायला निघालेल्या नराचे पट्टे उजळतात; हरणारा काळवंडतो. मी माघार घेतली, आता मारू नकोस, असं तो त्या रंगानं कळवतो. आता तो ‘गरीब’ प्राणी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. सकाळी ऊन खातानाही शॅमेलिऑन गडद होतो, ते वेगळं. पण तळहातावर काळपट होऊन, अंग चपटं करून तो निश्चल बसला असेल, तर त्यानं तुमच्यापुढे हार पत्करली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मग रुळलेला कसा ओळखायचा? मी खाण्यावरून ओळखतो. घाबरलेला शॅमेलिऑन खात नाही. तुम्ही बोटांत रातकिडा धरता, तेव्हा तो आधी एकच डोळा तिकडे वळवतो. दुसरा तुमच्यावर रोखलेला असतो. मग दुसराही किड्यावर येतो, तोंड किंचित उघडतं, जिभेचं गोळीदार टोक ओठांशी डोकावतं. त्या क्षणी त्यानं भीती बाजूला ठेवली म्हणायची. पुढचं डोळ्यांना दिसतच नाही, इतकी ती जीभ चपळ.

इथवर यायला आठवडे लागतात, कधी महिने. काहीजण जन्मभर येत नाहीत, त्यांना तसंच राहू द्यावं. पिंजरा उंचावर ठेवावा. आपल्यापेक्षा वर बसलं की त्याला धीर येतो. आत दडायला दाट पानं हवीत. पाणी त्या पानांवर थेंबाथेंबानं द्यावं, कारण वाटीत साचलेलं पाणी बहुतेकदा त्याच्या लक्षातच येत नाही. समोर दुसरा शॅमेलिऑन नको, आरसाही नको.

हात वरून कधीही नेऊ नये. रानात वरून झडप घालतो तो पक्षी. हात समोरून, त्याच्या पायांच्या खालच्या पातळीवर न्यावा आणि थांबावं. एकीकडे दोन, दुसरीकडे तीन अशी बोटं जुळून त्याचा पाय चिमट्यासारखा झालेला असतो. ती पकड ओढून सोडवायला गेलात तर नखं दुखावतात. पालीसारखं त्याचं शेपूट तुटून पुन्हा येत नाही, तेव्हा शेपटीला हात लावूच नये. तो आपणहून चालत आला तर घ्यावा. नाही आला तर त्या दिवशी नाद सोडावा.

एक गोष्ट मात्र मला कळकळीनं सांगायची आहे. व्हेल्डची मादी नराच्या संगतीशिवायही अंडी घालते. एरवी फांद्यांवर रमणारी मादी अचानक पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालू लागते, दार उघडलं की हातावर चढते. घरच्यांना वाटतं, लळा लागला! ती बिचारी अंडी पुरायला जागा शोधत असते. ओलसर वाळू-माती खोलवर खणायला मिळाली नाही, तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. त्या दिवसांत तिला अशा मातीनं भरलेलं भांडं द्या, वर पडदा टाका आणि लांब राहा.

आपल्याकडे भारतीय शॅमेलिऑनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनही आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत येतात, आणि कायद्याच्या २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आपला शॅमेलिऑन झुडपी रानात राहतो, डुलत डुलत अतिशय सावकाश रस्ता ओलांडतो आणि गाड्यांखाली सापडतो. विषारी समजून लोक त्याला मारतात, तेही चुकीचं. त्याला विष नसतं. असा वाटेत दिसला, तर मागची-पुढची वाहनं पाहून गाडी बाजूला घ्या. एखादी फांदी त्याच्या पुढ्यात आडवी धरा, तो चढेपर्यंत दम धरा, आणि ज्या बाजूला तो निघाला होता, तिकडच्या झुडपाला ती टेकवा. फोटोसाठी हातावर घेऊ नका, घरी तर मुळीच आणू नका.