कोऱ्या कागदावरची सही
(युवक शिबिरातील भाषण)



आज कविता वाचणार नाही. एका सहीबद्दल बोलणार आहे. ती सही माझी आहे.

आमच्या चाळीत एक पोर मेली. लग्नाला तीन वर्षं झालेली. नवरा म्हणाला, गळफास घेतला. पोलीस आले तेव्हा प्रेत खाली काढून चटईवर निजवलेलं, फरशी धुतलेली. हवालदाराने विचारलं, शिकलेलं कोण? मी मॅट्रिक. मला पंच केलं. पंचनाम्याचा अर्धा कागद कोरा होता. मी सही ठोकली न् रात्रपाळीला गेलो.

कायद्याला पंच म्हणून वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात. एरवी आपल्याला कोण प्रतिष्ठित म्हणतो? सहीपुरते झालो.

पण मी तिची मान पाहिली होती. वळ आडवा, गळ्याभोवती पुरा फिरलेला. गोदीत माझी भाकरी दोरावर चालते. दोर आवळला की वळ आडवा, चौफेर पडतो. माल हुकाला टांगला की दोर हुकाकडे तिरका चढतो. मानेचंही बहुतेक वेळा हेच. टांगलेल्याचा वळ उंच, तिरका, गाठीपाशी तुटलेला. आवळलेल्याचा खाली, आडवा, सलग. मेल्यावर रक्तही खाली उतरतं. टांगलेल्याच्या हातापायांत साकळतं, उताण्या माणसाच्या पाठीत. काही तासांनी तो डाग पक्का बसतो. मग प्रेत हलवलं तरी डाग हलत नाही.

एकट्या वळावरून खून ठरत नाही, कबूल. ते डॉक्टर सांगेल. पण डॉक्टर प्रेत बघतो, खोली बघत नाही. हुक किती उंच, स्टूल कुठं पडलं, गाठ सोडली की दोर कापला, हे पंचनाम्यात नाही तर कुठंच नाही. आमच्या पंचनाम्यात नव्हतं. 'अपमृत्यू' लिहून कागद मिटला.

पुण्यात १९८२ साली एक विवाहिता सायनाइडने घरात मेली. सारडा खटला. खाली फाशी झाली, १९८४ साली सुप्रीम कोर्टाने नवऱ्याला सोडलं. विष होतं, ते त्यानेच दिलं हे सिद्ध झालं नाही. कोर्ट म्हणालं, संशय कितीही दाट असो, तो पुरावा नव्हे. बरोबरच आहे. उद्या आपल्याही पोराला नुसत्या संशयावर लटकवतील. म्हणून पुरावा त्याच दिवशी धरला पाहिजे.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर जायची तरतूद आहे. पण आधी गुन्हा तर लिहा! नुसतं 'अपमृत्यू' लिहिलं की ते कशाला येतील? लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि मरण संशयाचं असेल, तर प्रेत तपासणीला पाठवावंच लागतं. नातेवाइकाने मागणी केली तरीही. ही मागणी लेखी द्या, पोच घ्या.

गावातल्या अत्याचारावर आपण मोर्चे काढतो. काढलेच पाहिजेत. पण आपल्याच खोलीत, आपल्याच जातवाल्याच्या हातून बाई मेली की आपण म्हणतो, घरचा मामला. त्या रात्री मीही हेच म्हणालो.

तेव्हा ठरवा. खोली धुवू द्यायची नाही. दोराला हात लावायचा नाही. पंच व्हायचं, पळायचं नाही. जे दिसलं ते लिहायला लावायचं. कोऱ्या जागेवर रेघ मारायची, मगच सही.

माझी ती सही आता खोडता येत नाही. तुमची अजून व्हायचीय.

जयभीम.