म्हातारपण, पोट आणि चालणे
(संस्थेच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. पण हा विषय मला काउंटरवरच मिळाला. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. एक आजी दोन तास बसून होत्या. पाणी देऊ केले तर म्हणाल्या, "नको रे बाबा, मग जायचं कुठं?" आमच्या शाखेत ग्राहकांसाठी शौचालय नाही.

आपल्या वस्त्यांतही तेच. संडास लांब, वाटेत अंधार; म्हणून म्हातारी माणसे संध्याकाळनंतर पाणी तोडतात. दात नाहीत म्हणून भाकरी, पालेभाजी सुटते, चहा-बिस्किटावर दिवस निघतो. मग पोट साफ होत नाही. पोट जड म्हणून भूक मरते, खाणे कमी झाले की मांड्यांतले बळ जाते, उठबस अवघड होते. आणि माणूस खाटेला खिळला की आतडेही मंदावते. कुंथताना भोवळ येऊन पडलेली, खुब्याचे हाड मोडलेली माणसे आपण पाहिलीच आहेत.

तरी घरात कोणी बोलत नाही. सुनेला कसे सांगायचे! अहो, महापरिनिब्बान सुत्तात तथागतांचे शेवटचे आजारपण लपवलेले नाही. वय 80, रक्ताची हगवण, आणि कुसिनाराच्या वाटेवर झाडाखाली बसून त्यांनी आनंदाकडे पाणी मागितले. एकदा नव्हे, तीनदा. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. खाल्लेले-प्यालेले नीट पचते हा त्यांतला एक. विद्यार्थ्यांनी सुत्ते जरूर पाठ करावीत, पण आजोबांना हाताला धरून विहाराभोवती चार फेऱ्याही माराव्यात.

औषधांबद्दल थोडेच सांगतो. एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या मनानेच रोज घेऊ नका. इसबगोल घेतले तर वर पेलाभर पाणी हवेच, नाहीतर उलट तुंबते. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. लोहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो; तक्रार सांगा, पण गोळी परस्पर बंद करू नका. शौचातून रक्त जाणे, वजन उतरणे, पोटाची जुनी सवय अचानक बदलणे, यांपैकी काही दिसले तर सरळ दवाखाना गाठावा.

शेवटी कार्यकारिणीला एक सूचना. आपल्या विहाराच्या संडासात धरून उठायला दांडी नाही, आणि बाहेरचा दिवा बंद आहे. वर्षावासाला आजी-आजोबा येतील, त्याआधी दोन्ही कामे व्हावीत. दांडीचा खर्च मी देतो.

जयभीम!