कामगाराची मोटारसायकल



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्याने होतात, राज्यघटनेवर होतात, शेतीच्या अर्थकारणावर होतात. चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘मोटारसायकल’ असे उत्तर दिले, तेव्हा मंडळातील एका वयोवृद्ध सभासदांनी चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे नीट पाहिले. आम्ही थट्टा करीत नव्हतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत आटोपले. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि मोटारसायकलच्या पाठीवर. या तिन्ही शाळांत परीक्षा आधी होते आणि धडा मागाहून मिळतो.

आमचे बालपण दौंडला रेल्वेच्या चाळीत गेले. त्या काळी दौंडच्या कामगाराचे वाहन म्हणजे सायकल. भोंगा झाला की सायकलींची रांग लोको शेडकडे निघे. घर आणि काम यांच्यामधले अंतर सायकलच्या टप्प्यातले होते, आणि लांब जायचे तर शटल होतीच. शिरूरची गोष्ट निराळी. घोडनदीच्या या गावाला रेल्वे नाही. पुण्याहून नगरला जाणारा रस्ता हेच येथले सर्वस्व. त्या रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव असे कारखाने उभे राहिले. तिकडे सोलापूर रस्त्यावर कुरकुंभला रसायनांचे कारखाने आले. कारखाने हमरस्त्यावर आले, पण कामगार राहिला न्हावऱ्याला, निमोण्याला, पारगावला, केडगावला. आपल्या आईबापांच्या घरात, कारण कारखान्याजवळच्या खोलीचे भाडे त्याला परवडत नाही. हे अंतर कोणी तोडायचे? कायम कामगाराला काही ठिकाणी कंपनीची बस मिळते. कंत्राटी पोराला भरती करतेवेळी विचारतात, “गाडी आहे का?” गाडी नसेल तर काम नाही. म्हणजे सुताराने करवत घेऊन यावे तसे याने मोटारसायकल घेऊन यावे. फरक इतकाच की सुताराच्या मजुरीत करवतीचा विचार केलेला असतो.

थोडा हिशोब करू. आमच्या भाषणात हिशोब नसेल तर लोकांना ते भाषण वाटतच नाही. समजा, जाऊन येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस. झाले १,५६० किलोमीटर. लिटरला साठ धरले तर २६ लिटर पेट्रोल. भाव शंभराच्या वरच आहे, पण सोयीसाठी शंभर धरा. २,६०० रुपये झाले. कर्ज ९०,००० रुपये, तीन वर्षांचे. दुकानातला एजंट म्हणतो, “व्याज फक्त दहा टक्के.” हे दहा टक्के तो पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे लावतो. २७,००० रुपये व्याज, एकूण १,१७,०००, हप्ता ३,२५०. वास्तविक आपण दर महिन्याला मुद्दल फेडीत असतो; उरलेल्या मुद्दलावर हिशोब केला तर तेच व्याज अठरा टक्क्यांच्या घरात जाते. ऑइल, चेन, टायर यांचे महिन्याचे चारशे धरा. बेरीज ६,२५० रुपये. हाती पंधरा हजार पडणारा पोरगा पाच दिवस कामाला गेला, तर त्यांतले दोन दिवस आणि वर थोडा वेळ तो केवळ कामाला जाण्याच्या साधनासाठी राबला. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारावा : “घटत्या शिलकीवर किती?” या प्रश्नाने त्याचा चेहरा बदलतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आता गाडी निवडण्याविषयी. आमच्या संघटनेची पहिली गाडी जुनी राजदूत होती. दोन धक्क्यांचे इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, आणि आवाज असा की आम्ही फाटकावर पोहोचण्याआधी मॅनेजरला आमची वर्दी मिळे. गुप्त बैठकीला ती गाडी अगदीच कुचकामाची. त्याआधीचा काळ स्कूटरचा. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मग १९७२ च्या सुमारास लुना आली आणि शिक्षक, पोस्टमन यांच्या पायांना विसावा मिळाला. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची चार धक्क्यांची गाडी आली. थोड्या पेट्रोलात पुष्कळ चालणारी गाडी ही कल्पना खेड्यापाड्यांत त्या गाडीने रुजवली. दुधाचे कॅन वाहायला एम-एटी होतीच. ती बिचारी रूपाने बेतास बात, पण दोन्ही अंगांना कॅन लटकावून बांधावरून जाई.

आज पोराला पल्सर हवी असते आणि बापाला स्प्लेंडर. या भांडणात आम्ही पडत नाही. पण विचारलेच तर सांगतो की, गाडी फाटकापुढे कशी दिसते ते पाहू नये, रात्री अकरा वाजता न्हावऱ्याच्या अलीकडे बंद पडली तर तिला दुरुस्त करणारा मेस्त्री जवळ आहे का ते पाहावे. जिचे सामान शिरूरच्या बाजारात हाताला लागते ती गाडी चांगली. आपले पाय जमिनीला पुरते टेकतात की नाही हेही पाहावे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ब्रेकची सुधारलेली रचना सक्तीची आहे. १२५ सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय तरी असते, त्यावरच्या गाड्यांना चाक न अडकू देणारा एबीएस. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. आणि २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो. अद्यापि समोरून येणारे सज्जन हाताच्या खुणा करून “दिवा चालू राहिलाय” असे सांगतात. त्यांचे आभार मानून पुढे जावे.

जुन्या गाडीचा सौदा चहाच्या टपरीवर होतो. पैसे मोजले जातात, किल्ली हातात पडते, आणि ‘नाव नंतर लावू’ असे म्हणून दोघे उठतात. मंडळी, येथे घर बुडते. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे असा कायदा आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक. गाडी पुढे किती हातांतून गेली हे सांगून त्याची सुटका होत नाही. म्हणजे तुम्ही विकलेल्या गाडीने कोणी माणूस उडवला आणि विमा नसला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात. घेताना इंजिनचा आणि चॅसीचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहावा. कर्ज असेल तर फिटल्याचा कागद हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विम्याची एक गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. नव्या दुचाकीला १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा विमा सक्तीने काढतात. तो तिऱ्हाइतासाठी असतो, म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याला इजा होईल त्याच्यासाठी. खुद्द चालवणाऱ्यासाठी निराळा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. पण तो नोंदलेल्या मालकासाठी आणि तोही लायसन असेल तरच. आमच्याकडे गाडी घेतात वडिलांच्या नावावर, कारण सातबारा त्यांच्या नावावर आणि कर्जाला तोच चालतो. चालवतो मुलगा. मुलाला काही झाले तर वडिलांच्या नावाचा तो विमा मुलाच्या कामी येत नाही. वडिलांना तर गाडी चालवताही येत नसते! म्हणून जो चालवील त्याच्याच नावावर गाडी घ्या, असे आम्ही फाटकसभेत ओरडून सांगतो. मुले हसतात. नावात काय आहे असे त्यांना वाटते.

रस्त्यावर काय करावे? हेल्मेट आरशाला किंवा कोपराला अडकवण्यासाठी केलेले नाही, आणि त्यावर आय.एस.आय.चा शिक्का असावा, इतके सांगून पुढे जातो. खरे धोके आपल्या भागाचे आपले आहेत. कार्तिकापासून उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, तांबडे फडके नाही, आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली दिसत नाही. तिच्यामागचा काळोख जरा दाट वाटतो, तेवढीच खूण. समोरच्या वाहनाच्या झोतात आपल्या पुढचे तारे एकाएकी दिसेनासे झाले की हात ब्रेकवर न्यावा. पहाटे नदीकाठी धुके असते. पारगावच्या पुलावर भीमेचे धुके फार. मळीने वा चिखलाने रस्ता ओला असेल तर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. उसाच्या रानात बिबटे आहेत, तेव्हा तिसऱ्या पाळीच्या मुलांनी एकटे जाऊ नये, दोन-तीन गाड्यांनी मिळून जावे. आणि रांजणगावला दुभाजकाच्या पुढच्या फटीपर्यंत जायला नको म्हणून उलट अंगाने गाडी घालतात, ते अर्धा किलोमीटर वाचवतात. चतुर्थीला तर महागणपतीची गर्दी त्यात मिळते.

वाटेविषयी म्हणाल, तर हल्ली फोन वाट दाखवतो. आम्हीही त्याच्या नादी लागून एकदा चासकमानच्या कालव्याच्या भरावावर गेलो. पुढे रस्ताच नव्हता. एका म्हातारीने शेळ्या थांबवून विचारले, “कुणाकडं आलाय बाबा?” तिने जी वाट सांगितली ती बरोबर होती. फोनला गाव कळते, पावसाने खचलेला भराव कळत नाही.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. २०१३ सालच्या थंडीत आमचा एक कंत्राटी कामगार, वय तेवीस, सकाळच्या पाळीसाठी पावणेसहाला घरातून निघाला. रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी, दगड मागे लावलेले, दिवा नाही. मांडीचे हाड मोडले, गुडघा गेला. ठेकेदार म्हणाला, “तो कामावर हजरच झाला नाही, हजेरीत खाडा आहे. वाटेवरच्या अपघाताशी आमचा काय संबंध?”

हा प्रश्न जुना आहे. १९७१ साली केरळात एक कामगार सायकलवरून पाळीला निघाला असता कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर त्याच कारखान्याच्या लॉरीने त्याला धडक दिली. पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटे होती. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ही नोकरीतली इजा नव्हे. कामगार चळवळीला तो निकाल फार बोचला. अखेर २०१० साली राज्य विमा कायद्यात ५१-ई हे कलम आले : घरून कामावर जाताना वा परतताना अपघात झाला आणि त्याची वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला, तर ती नोकरीतलीच इजा.

त्या कलमावर आम्ही उभे राहिलो. वेळ, जागा, परिस्थिती! आमच्याजवळ होते काय? पंचनामा. हवालदाराने, देव त्याचे भले करो, सारे लिहिले होते : खिशात कंपनीचा गेट पास, हँडलला डबा, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. लग्नाला चाललेला माणूस भाकरीचा डबा नेत नाही, हे अधिकाऱ्याला पटले. पण ठेकेदाराने पगारातून विम्याचे पैसे कापले होते, भरले किती ते दाखवायला त्याने दीड वर्ष घेतले. पुढे गुडघ्याचे अपंगत्व ठरून मुलाला दरमहा रक्कम सुरू झाली.

ज्यांना राज्य विमा नव्हता त्यांचे काय? २००३ साली धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या घरच्यांना आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत दिली; ५१-ईचे तत्त्व भरपाईच्या कायद्यालाही लागू धरले. बावीस वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कामगारांच्या इतर संहितांशी आमचे भांडण आहे आणि राहील, परंतु वाटेवरचा अपघात या संहितेतही धरला आहे. तेव्हा उद्यापासून एवढे करा : गेट पास खिशात, पाळीचा कागद घरी भिंतीला, नेहमीची वाट सोडून आडवाटेने जाऊ नका, आणि दर महिन्याची पगारचिठ्ठी जपून ठेवा.

तो मुलगा आज शिरूरच्या आमच्या कार्यालयात बसतो. लोकांचे विम्याचे अर्ज भरतो. अक्षर सुरेख आहे. त्याची गाडी वडिलांच्या नावावर होती. अपघातानंतर हप्त्यांचा तगादा थांबला नाही. उरलेले अकरा हप्ते वडिलांनी एक गाय विकून भरले. गाडी आमच्या पडवीत होती, चाक वाकलेले. गेल्या वर्षी ती भंगारात गेली.